वाचलेलं लक्षात राहत नाही? अभ्यासातल्या या चुका टाळा

धडा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच घात होतो. समोर दिसणारं ओळखणं वेगळं, समोर नसलेलं आठवणं वेगळं. परीक्षेत किंवा कामात लागतं ते दुसरं, आणि सराव मात्र आपण पहिल्याचा करत बसतो.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे दोनदा वाचायला दिले, तर काही एकदा वाचून न बघता लिहायला लावले. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेले उतारे पुढे होते: ८१ टक्के आठवले, लिहिलेले ७५ टक्के. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचलेले ४२, लिहिलेले ५६. वाचून झाल्या झाल्या येणारा ‘जमलं’ हा भास म्हणूनच विश्वासाचा नाही.

त्याऐवजी दोन-तीन पानं वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. समजा, विषय हृदयातून होणारा रक्तप्रवाह आहे. आकृती न बघता बाण काढत जा: उजवे अलिंद, उजवे निलय, फुप्फुस धमनी, फुप्फुसं, फुप्फुस शिरा, डावे अलिंद, डावे निलय, महाधमनी. बरेच जण फुप्फुस धमनीत ऑक्सिजनयुक्त रक्त लिहून मोकळे होतात, कारण ‘धमनी म्हणजे शुद्ध रक्त’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं. ही चूक दहा वेळा वाचून सापडत नाही, कागदावर लगेच सापडते. मग पुस्तक उघडा आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करा. हे त्याच बैठकीत करा, नाहीतर चुकीचंच उत्तर पक्कं होण्याचा धोका असतो.

‘मी बघून शिकतो, मला ऐकून जमत नाही’ हेही फार ऐकू येतं. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरं. पण पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्या आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त लक्षात राहतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. साधन विषयाला बघून निवडा: नकाशा बघूनच शिकायचा, उच्चार ऐकूनच. माणसामाणसांत खरा मोठा फरक पडतो तो आधीच्या ज्ञानाचा. नवख्याला सोडवलेली उदाहरणं पायरीपायरीने बघणं जास्त उपयोगी पडतं. विषयात मुरलेल्याला तीच उदाहरणं अडचण होतात, त्याने थेट सोडवायला घ्यावं.

एका दिवशी पाच तास बसण्यापेक्षा पाच दिवस एकेक तास बसा. उजळणीतलं अंतर किती, हे किती दिवस लक्षात ठेवायचं यावर ठरतं. महिनाभराच्या बेतासाठी पहिली उजळणी साधारण तीन ते सहा दिवसांनी करा. त्या वेळी थोडं विसरायला झालेलं असतं आणि आठवायला जोर लावावा लागतो. तो जोर हवाच.

पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं वापरत असाल तर एका कार्डावर एकच प्रश्न लिहा. पाच मुद्दे कोंबले की तीन आठवतात आणि आपण कार्ड ‘आलं’ म्हणून बाजूला ठेवतो. उत्तर मनात पूर्ण म्हटल्याशिवाय कार्ड उलटू नका. एकदा बरोबर आलं म्हणून ते गठ्ठ्यातून काढूही नका, पुढच्या खेपेला जास्त दिवसांनी घ्या. चुकलं तर दुसऱ्याच दिवशी.

एवढं करूनही कागद कोराच राहत असेल, तर दोन गोष्टी तपासा. अंतर फार पडलं असेल, तर ते निम्म्यावर आणा. तरीही काही येत नसेल, तर तो भाग मुळात समजलेलाच नाही. अशा वेळी पाठांतर थांबवा आणि प्रत्येक पायरीला ‘असं का?’ विचारत धडा पुन्हा वाचा. उत्तर न मिळालेली पहिली पायरी जिथे येईल, तिथूनच पुन्हा सुरुवात करा.