फळ्यावरचा 'भ' वहीत 'म' होतोय? आधी डोळे बघा

आमची लेक तिसरीत असताना मराठीच्या वहीत सारखा एकच शेरा, "लिहिताना लक्ष नसते". फळ्यावर 'भात', हिच्या वहीत 'मात'. 'धार'ची 'घार'. मी पण शहाणी, रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन जास्तीचं लावलं आणि पुस्तकात बघून लिहायचं असल्यामुळे ते पान एकदम बरोबर यायचं, म्हणजे येतंय सगळं, वर्गात टंगळमंगळ करते असाच अर्थ काढला आम्ही. मग एकदा नाशिकला सीबीएस स्टँडवर सिटीलिंकच्या सिटी बसची वाट बघत होतो, बस वळून आली, मी म्हटलं वाच गं कुठली आहे, तर म्हणते "थांबू तर दे आधी". तिला वाटायचं सगळ्यांनाच पाटी जवळ आल्यावर दिसते. नंबर निघाला मायनस सव्वादोन, म्हणजे लांबचं कमी दिसण्याचा.

म्हणून सांगते, मूल तक्रार करेल याची वाट बघू नका, त्याला स्पष्ट दिसणं म्हणजे काय हेच माहीत नसतं.

आधी वह्या काढा. पुस्तकातून उतरवलेलं नीट पण फळ्यावरचं चुकतंय, किंवा शेजारच्याच्या वहीत बघून लिहितोय, तर लांबचं कमी दिसत असेल. उलटं पण असतं, फळा चकाचक दिसतो पण पुस्तक घेऊन बसलं की दहा मिनिटांत डोकं दुखतं, डोळे चोळतो, ओळ सुटते, हे प्लस नंबरचं किंवा दोन्ही डोळे जवळ एकत्र न वळण्याचं असू शकतं आणि अशी मुलं "अभ्यासाचा कंटाळा" या नावाखाली मार खातात.

मग घरी एवढं करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर उभं करा, एक डोळा तळहाताने झाका (बोटांनी नको, फटीतून बघतात, आणि दाबायचा पण नाही), तारखा वाचायला लावा, मग दुसरा. एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याचं काम पण ओढून नेतो, त्यामुळे दोन्ही उघडे ठेवून काही कळत नाही. लहान मूल ठरावीक एकच डोळा झाकल्यावर चिडत असेल, हात ढकलत असेल तर उघड्या डोळ्याने कमी दिसत असेल, तेवढंच पुरे, डॉक्टरकडे जा. आळशी डोळा म्हणतात तो हा असू शकतो, चष्मा आणि पॅचने (चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी) सुधारतो पण सात-आठ वर्षांच्या आत धरला तर जास्त. डोळा तिरळा दिसतोय किंवा फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकतेय तर मात्र घरचे प्रयोग नकोत, त्याच आठवड्यात दाखवा.

तपासणी चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर उरकू नका. मुलं बघताना डोळ्यावर ताण देतात, त्यात मायनस नंबर जास्त येतो, म्हणून डॉक्टर तो ताण सैल करणारे ड्रॉप्स टाकून बघतात. त्यानंतर जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, कधी कधी काही दिवस, तर परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नका आणि टोपी न्या.

चष्मा लागला तर दिवसभर घालायचा. घातल्याने नंबर वाढतो हे खोटं, गाजराने जातो हे पण. मायनस नंबर लागायचा धोका कमी व्हायला रोज दोनेक तास उजेडात बाहेर खेळणं खरंच उपयोगी आहे, आमच्या नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे की. आणि चष्मा लागूनही वाचन अडतच असेल तर ते वेगळं, डिस्लेक्सियाला (दिसतं नीट, पण अक्षरं-शब्द वाचणंच अवघड जातं) चष्मा चालत नाही.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम मुलं तपासते, २०१३ पासून. फुकट आहे. फक्त शाळेत तपासणी झाली कळलं की दप्तर स्वतः उलटं करा. आमच्याकडे "डोळे दाखवून घ्या" अशी चिठ्ठी आली होती, दुसरीतच, ती सापडली चष्मा लागल्यावर, तळाशी, डब्याचं तेल लागून पारदर्शक झालेली.