'डीएलएल सापडत नाही': दुरुस्तीला बसण्याआधीची तयारी

विंडोजवर प्रोग्रॅम उघडताना 'अमुक डीएलएल सापडत नाही' अशी चौकट आली, की सगळ्यात आधी लागतो तो पडद्यावरच्या त्या चौकटीचा फोटो. घाईने 'ओके' दाबू नका. फाइलचं पूर्ण नाव, ती मागणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आणि खाली कोड असेल तर तो, हे सगळं फोटोत वाचता आलं पाहिजे. डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा तयार कोड, आणि प्रत्येक डीएलएल कोणत्या ना कोणत्या पॅकेजमधून आलेली असते. दुरुस्त करायचं ते पॅकेज, एकटी फाइल नव्हे. चौकट न येता प्रोग्रॅम नुसताच बंद पडत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ॲप्लिकेशनच्या नोंदींत १००० क्रमांकाची एरर शोधा. 'फॉल्टिंग मॉड्यूल' या शब्दांपुढे बहुतेक वेळा संशयित फाइलचं नाव मिळतं.

नाव हाती आलं की पॅकेज ओळखणं फार अवघड नाही. व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० ही नावं व्हिज्युअल सी++ २०१५ आणि त्यानंतरच्या एकत्रित रिडिस्ट्रिब्युटेबलची, म्हणजे प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फाइलींच्या मायक्रोसॉफ्टच्या पॅकेजची. एमएसव्हीसीआर१२० असेल तर २०१३चं पॅकेज, एमएसव्हीसीआर१०० असेल तर २०१०चं. नवं टाकलं म्हणून २०१०चं काम भागत नाही, ती वेगवेगळी राहतात. डी३डीएक्स९_४३ किंवा एक्सइनपुट१_३ मागणाऱ्या जुन्या गेमला जून २०१०चा डायरेक्टएक्स रनटाइम लागतो. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाइली त्यात नसतात. ही पॅकेजेस मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा, आणि एक्स८६ (३२ बिट) व एक्स६४ (६४ बिट) दोन्ही. दादर-गिरगावच्या डीटीपीवाल्यांकडे पेजमेकरसारखं जुनं सॉफ्टवेअर अजून चालतं, ते ३२ बिटचं असतं. विंडोज ६४ बिटची असली तरी अशा सॉफ्टवेअरला एक्स८६चंच पॅकेज हवं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

एकेक डीएलएल फुकट देणाऱ्या साइटींकडे मात्र फिरकू नका. फाइल कोणत्या आवृत्तीची आहे, तिच्यात कोणी काय घुसवलंय, याची खात्री नसते, आणि एक फाइल टाकली की ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यातली दुसरी हरवलेली निघते. त्यात विंडोजची नावं उलटी: सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. नाव बघून चुकीच्या जागी फाइल टाकली की ०एक्ससी०००००७बी हा कोड येतो, म्हणजे ३२ आणि ६४ची सरमिसळ. 'रेगएसव्हीआर३२ चालवा' हा सल्लाही सर्रास दिला जातो. तो फक्त नोंदणी लागणाऱ्या डीएलएलना लागू पडतो. बाकीच्यांना 'एंट्री पॉइंट सापडला नाही' एवढंच उत्तर मिळतं.

फाइल कालपर्यंत होती आणि आज नाही, असं असेल तर आधी अँटिव्हायरसचा इतिहास उघडा. विंडोज सिक्युरिटीत 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये फाइल क्वारंटाइनमध्ये पडलेली दिसेल. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं असेल आणि फाइल खात्रीची असेल, तरच ती परत आणा. क्रॅक टाकलेल्या सॉफ्टवेअरची फाइल उचलली गेली असेल, तर अँटिव्हायरसची चूक नाही.

आता बॅकअप. कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार उघडून बघा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मोबाइलमध्ये नव्हे, कागदावर लिहून ठेवा. रिकव्हरीत गेल्यावर ती विचारली गेली आणि हाती नसली, तर मशिन धड असूनही डेटा कुलूपबंद.

वीज आणि नेट यांचीही सोय बघा. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी ग्रिड बसली आणि मुंबईभर वीज गेली. एरवीही पावसाळ्यात मीटरबॉक्स दगा देतो. सिस्टिम फाइली लिहिल्या जात असताना मशिन बंद पडलं तर बिघाड वाढतो. यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटं टिकते ते आधी तपासा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा. विंडोज इन्स्टॉल करायचा कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, चांगल्या मशिनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करा. त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या. भाषा सध्याच्या विंडोजशी जुळवून निवडा: इंग्लिश युनायटेड स्टेट्स की इंग्लिश इंटरनॅशनल, हे चुकलं तर पुढे प्रोग्रॅम जपून ठेवायचा पर्यायच मिळत नाही.

विंडोजच्या स्वतःच्या फाइली बिघडल्यात असं दिसलं, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', मग 'एसएफसी /स्कॅननाऊ'. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं: DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth, मग sfc /scannow. क्रम हाच का? एसएफसी चांगली प्रत विंडोजच्या साठ्यातून, म्हणजे विनएसएक्सएस फोल्डरमधून घेते. साठाच बिघडला असेल तर ती काय दुरुस्त करणार? डिझम तो साठा नेटवरून नीट करते. आकडा ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबतो. खिडकी बंद करू नका. ०एक्स८००एफ०८१एफ आला तर तिला मूळ फाइली मिळालेल्या नाहीत. अशा वेळी स्रोत म्हणून पेनड्राइव्हमधली इन्स्टॉल फाइल द्यावी लागते, आणि तिची आवृत्ती मशिनमधल्या विंडोजशी जुळली पाहिजे. एसएफसीने 'काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत' म्हटलं तर नावं सी ड्राइव्हवर विंडोज, लॉग्ज, सीबीएस या वाटेने सीबीएस.लॉगमध्ये मिळतात. आणि लक्षात घ्या, एसएफसी फक्त विंडोजच्या संरक्षित फाइली राखते. डीटीपी सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधली डीएलएल गेली असेल तर ती कितीदाही चालवा, 'सगळं ठीक' असंच म्हणेल. तिथे ते सॉफ्टवेअरच रिपेअर किंवा पुन्हा इन्स्टॉल करायचं.

दुरुस्त केलेल्या फाइली पुन्हा पुन्हा बिघडत असतील तर संशय डिस्कवर किंवा रॅमवर घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या टूलने डिस्कची तब्येत बघा, रॅमसाठी विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे वाचताना अडणारे भाग, दिसले तर डिस्क तपासणारी 'चेकडिस्क /आर' (chkdsk /r) ही कमांड आधी नको. मरायला टेकलेल्या डिस्कला ते फार दमवतं. आधी डेटा काढा, मग नवी एसएसडी.

यातलं काहीच चाललं नाही तर फॉरमॅटच्या आधी एक पायरी शिल्लक असते. चालू विंडोजमधूनच पेनड्राइव्हवरचं सेटअप सुरू करा आणि 'फाइली आणि ॲप्स ठेवा' निवडा. सी ड्राइव्हवर २० जीबीपेक्षा जास्त जागा मोकळी ठेवा आणि दोन-तीन तास हाताशी असू द्या. मशिन मुंबईतल्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला न्यायचंच असेल तर हे करायला आधी सांगा, कारण कामाच्या घाईत फॉरमॅट सुचवणं सोपं असतं. आणि फॉरमॅटला होकार द्यायची वेळ आलीच, तर डोंगलचा (सॉफ्टवेअरचं लायसन्स जपणाऱ्या, मशिनला लावायच्या किल्लीचा) ड्रायव्हर, मराठी फॉन्टचा फोल्डर, कीबोर्ड लेआउट आणि लायसन्सचे कागद बॅकअपमध्ये आहेत का ते दुकानात उभं राहूनच बघून घ्या.