शुगर आणि पोटातल्या बाळाचं हृदय: या चुका टाळा

मधुमेह असलेल्या बाईनं "आधी दिवस तर जाऊ दे, शुगरचं मग बघू" म्हणणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बाळाच्या हृदयाचे कप्पे, पडदे, मोठ्या रक्तवाहिन्या गर्भ राहिल्यापासून आठेक आठवड्यांत घडून जातात. तिसऱ्या महिन्यात नागपूरच्या डागा हॉस्पिटलला किंवा मेडिकल कॉलेजला नाव नोंदवायला जाईस्तोवर ते काम आटोपलेलं असतं. त्या दिवसांत शुगर चढलेली राहिली, तर पडद्याला छिद्र, रक्तवाहिन्यांची अदलाबदल अशा दोषांचा धोका वाढतो. आधीपासून मधुमेह असलेल्या आयांमध्ये तो एरवीच्या तीन ते पाच पट असतो. (तरीही बहुतेक बाळं धडधाकटच जन्मतात.) म्हणून आधीच एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणा, फॉलिक ॲसिड सुरू करा. बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा, त्यातल्या काही गरोदरपणात चालत नाहीत.

गरोदरपणातच उद्भवलेल्या शुगरचं गणित वेगळं. आईची साखर वारेतून बाळापर्यंत पोचते, आईचं इन्सुलिन पोचत नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं आणि त्यानं हृदयाचा स्नायू, विशेषतः मधला पडदा, जाड होतो. जन्मानंतर काही महिन्यांत तो बहुधा पूर्ववत होतो. पहिल्या भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी नॉर्मल आली, तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायचीच. दोन तासांनी १४० किंवा जास्त म्हणजे गडबड.

"इन्सुलिननं बाळाला त्रास होईल" म्हणून इंजेक्शन टाळणाऱ्या सासवा-सुना अजून भेटतात. त्रास देते ती साखर.

उपाशीपोटीचा आकडा ९५ च्या आत आला की निश्चिंत होणं हीही चूक. जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत हवा. आणि आपल्या नागपूरची खास चूक म्हणजे संत्र्याचा रस. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, चोथा गाळणीत राहतो. त्यापेक्षा एक संत्रं सोलून खा.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) कशाला?" आधीपासून मधुमेह असेल तर १८ ते २४ आठवड्यांत ती वेगळी करून घ्या, कारण हृदयाचे काही दोष साध्या सोनोग्राफीत नजरेतून सुटतात. रक्तवाहिन्यांची अदलाबदल आधी कळली, तर बाळंतपण नवजात बाळाच्या हृदयावर इलाज होतो अशाच ठिकाणी ठरवता येतं. या दोषात जन्मानंतरचे पहिले काही तासच मोलाचे असतात.