घरी जॉयस्टिक बनवताय? आधी मध्य सांभाळा

अंतराळयानाच्या खेळांसाठी जॉयस्टिक आणि पॅनेल घरी बनवायला घेतलं, तेव्हा माझं सगळं लक्ष बटणांवर होतं. वेळ खाल्ला तो दांड्याच्या मध्याने, म्हणजे हात सोडल्यावर दांडा जिथे परततो त्या जागेने. म्हणून नवख्यांना मी आधी तेच सांगतो.

विमानाच्या खेळात हवा सांभाळून घेते. दांडा मध्यापासून केसभर सरकलेला असला तरी निभावतं. अंतराळात अडवायला हवाच नाही. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' या खेळात यान आपोआप स्थिर ठेवणारी सोय बंद केली, की तेवढ्याच चुकीने यानाची गिरकी वाढतच जाते.

माझ्या पहिल्या दांड्यात साधे पोटेन्शिओमीटर (पॉट) होते, म्हणजे फिरवल्यावर रोध बदलणारे भाग. असा पॉट सुमारे ३०० अंश फिरतो, माझा दांडा मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम ५०. दांड्याची स्थिती वाचणारा छोटा बोर्ड, आर्डुइनो, ० ते १०२३ आकडे वाचतो, त्यातले माझ्या वाट्याला १७० च्या आसपास आले. त्यात आकडा जागच्या जागी तीन-चारने उडायचा. मी कोडमध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल दुर्लक्षित करणारा पट्टा, वाढवत गेलो, आणि शेवटी यान हलकेच वळवणंच अशक्य झालं. डॉकिंगला, म्हणजे दोन यानं जोडताना, तर नेमकं तेच लागतं.

सुटका केली चुंबकाचा जोर मोजणाऱ्या हॉल सेन्सरने. दांड्याबरोबर फिरणारा छोटा चुंबक आणि त्याच्यासमोर ४९ई सेन्सर. काहीच घासत नाही, त्यामुळे झीज नाही. चुंबक जवळ-लांब करून आकड्यांचा पल्लाही वाढवता येतो. कोडमध्ये आठ वाचनांची सरासरी घेतली आणि अगदी लहान डेडझोन पुरला. स्प्रिंगकडेही लक्ष द्या. समोरासमोर ओढणाऱ्या दोन स्प्रिंगा कालांतराने सैल पडतात आणि मध्य हरवतो. एकाच स्प्रिंगचे दोन पाय खिळ्याला चिमट्यासारखे धरून बसवले, तर दांडा दर वेळी त्याच जागी परततो.

बोर्ड घेताना लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. त्यांवरची एटीमेगा ३२यू४ चिप संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते. आर्डुइनोच्या उनो बोर्डाला ते सरळ जमत नाही.

एका दांड्यावर भागत नाही, हेही लवकर कळलेलं बरं. यान तीन अक्षांभोवती वळतं आणि तीन दिशांना सरकतंही. अपोलो यानात यासाठी दोन वेगळे दांडे होते, उजव्या हाताला वळण्याचा, डाव्या हाताला सरकण्याचा. मीही तीच मांडणी ठेवली आणि हात लगेच रुळले.

बटणांसाठी मॅट्रिक्स करा, म्हणजे बटणं ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडा. ५ ओळी आणि ५ स्तंभ, म्हणजे १० पिनांवर २५ बटणं. प्रत्येक बटणाला एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथंही लागतं. वर-खाली करायच्या टॉगल स्विचची अडचण वेगळी. खेळाला क्षणभराचा दाब हवा असतो आणि टॉगल तर चालूच राहतो. म्हणून टॉगल हलला की एकच छोटा दाब पाठवायचा, असं कोडमध्ये लिहा. तरी जुना सेव्ह उघडला की पॅनेलवर लँडिंग गिअर वर आणि खेळात खाली, असं होतंच. 'कर्बल सिम्पिट' हे खेळाला जोडायचं प्लगइन खेळातली खरी स्थिती बोर्डाकडे परत पाठवतं. एलईडी त्यावर चालवा, स्विचवर नको.

पत्र्याला भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचं पॅनेल करून आठवडाभर त्यावरच खेळा. माझं स्टेजिंगचं (रॉकेटचा पुढचा टप्पा सोडण्याचं) बटण आधी दिव्यांच्या टॉगलशेजारी होतं. पुठ्ठ्यावरच दोनदा चुकून दाबलं गेलं, आणि दोन्ही वेळा कक्षेत पोचण्याआधीच इंजिन सुटून गेलं. आता ते झाकणाखाली आहे, वरच्या कोपऱ्यात एकटंच.