घरच्या अंगणात जुनी फोर-व्हील जीप पुन्हा उभी करताना

नाशिकच्या आसपास जुनी जीप शोधायला फार लांब जावे लागत नाही. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतल्या शेडमध्ये, पेठ-सुरगाण्याकडच्या वस्त्यांवर किंवा त्र्यंबक रस्त्यालगतच्या एखाद्या गॅरेजच्या मागे महिंद्राची एमएम ५४०, मेजर किंवा कमांडर ताडपत्रीखाली उभी असते आणि मालकही तिचे काहीतरी व्हावे या प्रतीक्षेत असतो. शहरातच महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला इंजिनांचा कारखाना आणि सातपूर-अंबडला लेथवर काम करणारी वर्कशॉप असल्यामुळे या गाड्यांची नस ओळखणारे फिटर आणि टर्नर इथे आजही भेटतात. तरीही हौसेने घेतलेल्या कितीतरी जीप अर्ध्यावर खोलून पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या बहुतेकांत पहिले पैसे रंग, रुंद टायर आणि नव्या सीटवर गेले होते आणि ब्रेकला हात लावायची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा झाला होता.

म्हणून या लेखात कामाचा आणि खर्चाचा क्रम एकच ठेवला आहे: आधी चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग फोर-व्हीलची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद पोचवणारी यंत्रणा, त्यानंतर पत्रा आणि सर्वांत शेवटी रंग. जे बजेट ठरवाल त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढून ठेवावा आणि गाडी पूर्ण खोलून होईपर्यंत त्याला स्पर्श करू नये. तो लागतोच.

गाडी घेण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे गाडी खरोखर फोर-व्हील आहे का, हे वाकून पाहावे. गिअरच्या दांडीशेजारी छोटी दांडी दिसली म्हणजे झाले, असे समजू नये. पुढच्या एक्सलला मागच्यासारखाच डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा हवा आणि त्याच्यापर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद पोचवणारा फिरता दांडा, जोडलेला हवा. प्रवासी वाहतुकीत वर्षानुवर्षे धावलेल्या जीपमध्ये हा शाफ्ट पुष्कळदा काढून टाकलेला असतो आणि नंतर तो कुठे गेला हे कोणालाच आठवत नाही.

दुसरी गोष्ट चासी. यासाठी एक छोटा हातोडा बरोबर न्यावा आणि मालकाची परवानगी घेऊन चासीवर पुढून मागपर्यंत हलके टोले देत जावे. निरोगी लोखंड खणखणीत बोलते. आतून गंजलेल्या ठिकाणी आवाज बसका येतो आणि कधीकधी रंगाचा पापुद्रा फुटून आतली तांबूस भुकटी हातावर पडते. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे झुलते दुवे, जिथे बसतात ते भाग, मागचा आडवा मेंबर आणि बॉडीच्या रबरांखालच्या जागा नीट तपासाव्यात, कारण चिखल तिथेच साचून राहतो. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात वाढलेली गाडी आणि येवला-सिन्नरच्या कोरड्या भागातली गाडी यांच्या चासीत जाणवण्याइतका फरक पडतो. पत्रा सडलेला असला तरी चालेल, तो नवा बसवता येतो. वाकलेली किंवा वेल्डिंगचे थर चढवलेली चासी मात्र कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

तिसरी गोष्ट कागद. आरसी पुस्तकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते, शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. त्यामुळे किती थकबाकी आहे, हे सौदा ठरण्यापूर्वीच विचारावे. डिझेल गाड्यांना १० वर्षांची मर्यादा असल्याचे ऐकून काहीजण बिचकतात, पण तो निर्बंध दिल्ली आणि परिसरासाठी आला, नाशिकसाठी नाही. गाडी एमएच-४१ची, म्हणजे मालेगावची, किंवा आणखी दुसऱ्या कार्यालयाची असेल तर ना-हरकत प्रमाणपत्राचे पाहावे. दुसऱ्या जातीचे इंजिन बसवायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते, आणि रंग बदलला तर त्याचीही नोंद आरसीवर करून घ्यावी लागते.

खोलण्याची शिस्त

कामाला दिवाळीनंतर हात घालावा, म्हणजे रंगापर्यंतचे सगळे काम जूनच्या आत आटोपते. जमीन सपाट आणि पक्की हवी. गाडी जॅकवर उचलल्यावर चासीखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय एक हातसुद्धा आत घालू नये. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक एकाएकी फुटतात, म्हणून त्यांचा आधार कधीही घेऊ नये.

संपूर्ण गाडी एकदम मोकळी करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. एक यंत्रणा खोलावी, दुरुस्त करावी, परत बसवावी आणि मगच पुढची घ्यावी. खोलण्यापूर्वी फोनवर चार बाजूंनी फोटो काढावेत. नट-बोल्ट, वॉशर आणि क्लिपा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत कागदाची चिठ्ठी टाकावी, कारण पिशवीवर पेनने लिहिलेले ऑइल लागताच पुसले जाते.

गंजून बसलेल्या बोल्टवर पाना ठेवून जोर लावला की डोके तुटते आणि मग ड्रिल करण्यात सगळी दुपार जाते. संध्याकाळी बोल्टच्या बुडाशी गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे, हातोडीने डोक्यावर दहा-वीस हलके ठोके द्यावेत आणि तो रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी ऑइल पुन्हा सोडून बोल्ट आधी किंचित आवळावा. ‘कट्’ असा बारीक आवाज आला की तो सुटला असे समजावे आणि मग उलटा फिरवत, थोडा पुढे थोडा मागे असे करत काढावा. चाके काढताना एक लक्षात असू द्यावे, की अनेक जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात आणि स्टडच्या तोंडावर ‘एल’ हे अक्षर दिसते. हे माहीत नसल्याने जोर लावून लावून स्टड तोडलेले लोक मला भेटले आहेत.

ब्रेक: इथे काटकसर नको

बऱ्याच जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) एकाच सर्किटचा असतो, म्हणजे चारपैकी एका चाकाजवळचा पाइप फुटला तरी चारही ब्रेक एकदम जातात. माझ्या बाबतीत हे अंगणातच घडले, ते भाग्यच. गाडी विकणाऱ्याने ब्रेकचे काम नुकतेच झाल्याचे सांगितले होते आणि पेडलही कडक लागत होते. गेटपाशी गाडी वळवताना पेडल सरळ खालच्या पत्र्यापर्यंत गेले आणि मी हँडब्रेकवर कशीबशी गाडी थांबवली. चाक काढून पाहिले तेव्हा पुढच्या रबरी होजला (नळीला) बाहेरून चिरही दिसत नव्हती, पण दोन बोटांत धरून वाकवल्यावर आतले धागे उघडे पडले.

तेव्हापासून माझा नियम आहे की तिन्ही-चारही रबरी होज, चारही व्हील सिलिंडरची (चाकाजवळच्या ब्रेक सिलिंडरची) किट, म्हणजे आतल्या रबरांचा संच, आणि मास्टर सिलिंडरची किट न पाहताच नवी घालायची. सिलिंडरच्या आत बोट फिरवून पाहावे आणि खड्डा लागला तर किटवर पैसे न घालवता सिलिंडरच बदलावा. लोखंडी पाइपला गंज असेल तर नवा पाइप करून घ्यावा आणि त्याचे तोंड दुहेरी फ्लेअरचेच, म्हणजे पसरवून दुहेरी दुमडलेलेच असावे. एकेरी फ्लेअर दाबाखाली फाटू शकते. ड्रमला आतून कडा पडली असेल तर अंबडच्या एखाद्या लेथवर तो साफ करून घ्यावा, मात्र ड्रमवर किंवा माहितीपुस्तकात दिलेल्या मापापेक्षा जास्त कापू देऊ नये.

सिस्टीममध्ये फक्त ब्रेक ऑइलच घालावे. इंजिन ऑइलचा किंवा डिझेलचा एक थेंबही रबरे फुगवतो, म्हणून भागसुद्धा डिझेलने न धुता ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने पुसावेत. हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यावे. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल (हवा सोडायचा स्क्रू) सैल करतो आणि निपल बंद झाल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबले की ते चाक झाले. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

स्टिअरिंगसाठी पुढचे चाक उचलून वर-खाली आणि आडवे हलवून पाहावे. वर-खाली हलले तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्याच्यावर वळते ती खीळ) आणि आडवे हलले तर टाय रॉडचे (चाके वळवणाऱ्या दांड्याचे) एंड तपासावेत. पाट्यांचे बुश आणि शॅकल स्वस्त असतात, ते बदलले की जीपचे रस्त्यावरचे भरकटणे पुष्कळ कमी होते.

इंजिन आणि वायरिंग

इंजिन खोलण्याची घाई करू नये. थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे, काळा येत असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त मिळते आहे आणि पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल नीट पेटत नाही. चालू इंजिनच्या ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढावे. तिथून इंजिनच्या ठेक्यावर भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. तसे नसेल, तर एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइल, डिझेल फवारणाऱ्या नोझलची तपासणी आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवणे) एवढ्यावर पुष्कळ इंजिने सुधारतात. एमएम ५४० मध्ये येणाऱ्या २११२ सीसीच्या प्यूजो डिझेलला थंडीत सुरू होण्यासाठी हीटर प्लग लागतात. डिसेंबरच्या सकाळी नाशिकमध्ये गाडी सुरू होत नाही म्हणून डिझेल पंप खोलायला पाठवण्याआधी चारही प्लग मल्टिमीटरने तपासावेत.

टाकी काढून आत मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकावा, थोडे डिझेल घालून ती हलवावी आणि निघालेला गाळ ओतून द्यावा. इंधनाच्या टाकीवर घरी वेल्डिंग करू नये, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही स्फोट होण्याइतकी वाफ उरलेली असते.

जुन्या वायरिंगवर टेप गुंडाळत बसण्यापेक्षा नवे हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) घालून प्रत्येक सर्किटला फ्यूज द्यावा. त्याआधी इंजिन, चासी आणि बॅटरी यांमधल्या अर्थच्या पट्ट्या घासून नव्याने बसवाव्यात. स्टार्टर मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर दोष अर्थचा आहे, स्टार्टर बदलण्याचे कारण नाही.

फोर-व्हीलची यंत्रणा

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात पाहावे. दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, बोटांना रवाळ चमक लागली तर दात किंवा बेअरिंग झिजले आहे. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्ससाठी ९० ग्रेडचे जीएल-४ ऑइल मागावे. जीएल-५ मधली काही रसायने पितळेला मानवत नाहीत.

चारही चाके स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून फोर-व्हीलची दांडी टाकावी आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवावा. पुढचा शाफ्टही त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून सोडवता-जोडता येणारे) असतील तर ते लॉक करून चाकेही फिरतात का ते पाहावे. नकलच्या (पुढचे चाक जिथे वळते त्या सांध्याच्या) गोळ्यावरून ग्रीस-ऑइल गळत असेल तर सील बदलताना गोळ्याचा पृष्ठभागही हाताने तपासावा. गंजाचे खड्डे पडलेल्या गोळ्यावर नवे सील महिनाभरही टिकत नाही.

पत्रा आणि रंग

छोटे भाग गंजमुक्त करण्याचा स्वस्त उपाय घरीच करता येतो. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा मिसळावा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्ह टोकाला आणि भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकता पाण्यात सोडावेत. रात्रीतून गंज मऊ पडून ब्रशने निघतो. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावे.

चासी घासताना कोरलेल्या नंबरावर आधी जाड टेप लावावा. ग्राइंडरने तो पुसट झाला तर पुढे आरटीओत नंबरचा पेन्सिलने छापा घेताना फार त्रास होतो. रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात ठेवू नये, कारण त्याच्यावर रंगाचा थर नसेल तर ओल आत झिरपते आणि खाली पुन्हा गंज धरतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडावा. भोकांवर पुट्टी भरणे म्हणजे तेच काम दोन पावसाळ्यांनी पुन्हा करणे होय. बॉडीला सिंथेटिक इनॅमलचे दोन-तीन पातळ हात चांगल्या ब्रशने किंवा रोलरने दिले तरी जीपच्या सपाट पत्र्यावर ते शोभून दिसतात. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे तो घरी फवारू नये.

रस्त्यावर आणि मातीत

पहिले काही किलोमीटर वस्तीबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून थांबावे आणि प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एकच ड्रम तापला असेल तर तिथला शू (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा भाग) अडकतो आहे. फोर-व्हील कोरड्या डांबरावर टाकू नये. अशा जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते आणि वळणावर दोन्ही एक्सल वेगवेगळे अंतर कापत असल्याने सगळा ताण गिअर आणि शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) येतो. अंजनेरीकडची एखादी कच्ची वाट किंवा ओळखीच्या शेतातला नांगरलेला तुकडा यासाठी उत्तम. तिथे लो रेंजमध्ये (वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या स्थितीत) पहिल्या गिअरवर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चढावर चढू द्यावी आणि खिडकीबाहेर डोके काढून पुढची चाके माती मागे टाकतात का ते पाहावे.

घरी आल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत. हेच काम १०० आणि ५०० किलोमीटरला परत करावे आणि ५०० किलोमीटरला इंजिन ऑइलही बदलावे.