सामूहिक वनहक्काचा दावा: किनवट-माहूरच्या गावांनी आपली शीव नकाशावर कशी उतरवावी

गावातल्या म्हाताऱ्याला शीव विचारली तर तो बोट दाखवून सांगतो, की त्या दोन मोहांच्या पलीकडचा ओढा, ओढ्याने वर कातळाच्या धारेपर्यंत आणि धारेवरून शेंदूर लावलेल्या दगडापर्यंत सगळे आपले. तीच शीव तलाठ्याला विचारली तर उत्तर सर्व्हे नंबरात येते आणि वनरक्षकाला विचारली तर कंपार्टमेंट नंबरात, म्हणजे वन खात्याने पाडलेल्या वनखंडाच्या क्रमांकात. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा करणाऱ्या गावाला या तिन्ही बोलींतली शीव एकाच कागदावर, तिघांनाही वाचता येईल अशी मांडावी लागते. पुढील पद्धत नांदेड जिल्ह्याच्या किनवट आणि माहूर तालुक्यांतल्या गोंड, कोलाम, आंध आणि परधान वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कळमनुरी आणि औंढ्याकडच्या गावांनाही तिच्यातले बरेचसे लागू पडेल.

दावा कोणत्या शिवेचा?

2006 च्या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या करताना गावाची पारंपरिक किंवा वहिवाटीची हद्द धरली आहे, आणि त्या हद्दीत राखीव वन, संरक्षित वन, इतकेच नव्हे तर अभयारण्यही येऊ शकते. म्हणून पैनगंगा अभयारण्यालगतच्या गावांनी ‘आपले रान अभयारण्यात गेले, आता दावा कसला’ असे समजून मागे राहू नये. महसुली नकाशावरची गावाची रेघ आणि वहिवाटीची शीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली रेघ जमाबंदीसाठी आखलेली आहे, तर दुसरी मोह वेचण्याच्या, गुरे नेण्याच्या, बांबू तोडण्याच्या आणि देवाला जाण्याच्या वाटांनी ठरलेली आहे. बहुतेक गावे पहिल्याच दिवशी तलाठ्याकडून गावनकाशा आणतात आणि त्याच्या कडेवरून पेन फिरवतात. अशा दाव्यात निम्मे रान आपणच सोडून दिलेले असते.

वैयक्तिक दाव्याचे मोजमाप वेगळे असते. तिथे 13 डिसेंबर 2005 रोजी प्रत्यक्ष वहितीत असलेली जमीन लागते आणि तिला 4 हेक्टरांची कमाल मर्यादा आहे. सामूहिक वनसंपत्तीला अशी हेक्टरांची मर्यादा नाही. बंजारा तांड्यांनी एक बाब आधीच लक्षात घ्यावी. तेलंगणात हा समाज अनुसूचित जमातींत मोडतो, पण महाराष्ट्रात मोडत नाही. त्यामुळे शिवेपलीकडच्या सोयऱ्याला जे पुरते ते इथे पुरत नाही आणि इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. महसूल खात्याच्या गायरानावरची वहिती हा तर संपूर्ण निराळा विषय आहे. जमीन वनजमिनीत मोडत नसेल तर हा कायदा तिला लागत नाही, आणि दोन्हींची कागदपत्रे एका फायलीत घातल्याने दोन्ही कामे अडतात.

कागद शोधताना

विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी तयार केलेल्या पुस्तिका आपल्याकडे फिरतात. त्या चांगल्या आहेत, पण त्यांत पहिला पुरावा म्हणून निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या रान-चराईच्या वापराची नोंद, सांगितलेले असते. ते जुन्या मध्य प्रांताच्या कारभारातले आहे आणि मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे शोधायचे ते खासरा पत्रक, जुने सेतवार, पाहणी पत्रक, वन खात्याच्या अधिसूचना आणि कार्य आयोजना. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते; त्यामुळे नांदेडच्या अभिलेख कक्षात कागद सापडला नाही म्हणजे तो नाहीच असे धरू नये, आदिलाबादलाही विचारावे. जुने कागद बहुधा उर्दूत असतात आणि त्यांवरचे साल फसली, म्हणजे निजामकाळातले महसुली साल, असते. फसली सालात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे 1356 फसली हे 1946 साल झाले. 1940 च्या गोंड नेते कुमरम भीम यांच्या उठावानंतर हैदराबाद सरकारने आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींना पट्टे देण्याचे काम हाती घेतले होते. एखाद्या घरातल्या ट्रंकेतून त्या काळचा उर्दू कागद निघाला तर तो लॅमिनेट करू नये. त्याचा फोटो काढावा, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि मूळ कागद त्या घरीच राहू द्यावा.

कागद सापडला नाही म्हणून काम थांबवण्याचे कारण नाही. नियमांनी विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जुने बांध आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब यांनाही पुराव्याचा दर्जा दिला आहे, मात्र एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावे लागतात. जबाब देणारा माणूस स्वतः दावेदार नसावा, ही अट पुष्कळदा नजरेतून सुटते.

आधी जमिनीवर रांगोळी, मग कागद

वनहक्क समिती ग्रामसभेतून निवडली जाते. तिच्यात 10 ते 15 सदस्य असतात, त्यांपैकी किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ठराव घेणाऱ्या ग्रामसभेला निम्मी उपस्थिती हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. ही अट कागदापुरती पाळणाऱ्या गावांचा नकाशाही कच्चा राहतो, असा माझा अनुभव आहे. गुराख्याला चराईच्या वाटा आणि पाणवठे ठाऊक असतात, पण डिंकाचे धावडे, चारोळीची झाडे, तेंदूचे पट्टे आणि कोणता मोह कोणत्या घराचा, हे बायका सांगतात. म्हणून पुरुषांचा आणि बायकांचा नकाशा वेगवेगळ्या दिवशी काढून घ्यावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवावेत. नकाशा अंगणात रांगोळी, कोळसा आणि पाने घेऊन काढला तर हातांना भीती राहत नाही. चूक झाली की पुसता येते. शाळा शिकलेल्या पोराच्या हाती मार्कर दिला की म्हातारी माणसे गप्प बसतात.

जागांची नावे बोलली जातात तशीच देवनागरीत लिहावीत. गोंडी किंवा कोलामी नावाचे ‘शुद्ध मराठी’ करू नये, कारण जुन्या कागदांत तेच नाव उर्दूत लिहिलेले सापडू शकते आणि तेव्हा उच्चारावरूनच ओळख पटते.

कच्चा नकाशा झाला की उपकरण हाती घेण्याआधी शेजारच्या गावांना बोलवावे. हा टप्पा सर्वांत वेळखाऊ आहे आणि त्याला वेळ द्यावाच. दोन गावांच्या दाव्यांत रान एकमेकांवर चढत असेल तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निकाल काढावा, असे नियमच सांगतात. नाही जमले तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते आणि तिथे दोन्ही गावांचे दावे अडकून पडतात. बैठकीला पोडावरचे (कोलाम वस्तीवरचे) नाईक आणि गोंड वस्तीवरचे देवारी (पुजारी) असावेत, नुसते सरपंच असून भागत नाही. काही रान खरोखरच सामाईक असते, उदाहरणार्थ उन्हाळ्यात दोन्ही गावांची गुरे ज्या एकाच डोहावर जातात तो डोह. अशा ठिकाणी रेघ ओढण्याचा हट्ट धरू नये. तो तुकडा वेगळ्या रंगाने दाखवून दोन्ही गावांचा सामाईक वापर कोणत्या महिन्यांत आणि कशासाठी असतो, हे लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात.

शीव चालणे

चालण्याची तारीख वन आणि महसूल खात्यांना लेखी कळवावी आणि पोच घ्यावी. नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनुसार त्यांच्या प्रतिनिधींनी पडताळणीला हजर राहून हुद्दा आणि तारखेसह सही करायची असते. प्रतिनिधी आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली गेली, तर सामूहिक दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो; त्याही वेळी ते गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. ही तरतूद पोचपावतीच्या आधारावरच वापरता येते.

फेब्रुवारी-मार्च हा काळ बरा. सागाची पानगळ झालेली असते, त्यामुळे आकाश मोकळे मिळते, उपग्रहांचा सिग्नल अडत नाही आणि लांबचा बुरूजही, म्हणजे वन खात्याचा हद्दीचा खांबही, दिसतो. दिवाळीच्या सुमारास कमरेएवढ्या गवतात जुने दगड सापडत नाहीत.

मोबाईलवरचे जीपीएस चालते, हातात धरायचे स्वतंत्र यंत्र अधिक भरवशाचे. प्रत्येक वळणावर थांबून निदान दोन मिनिटे यंत्र स्थिर धरावे, सरासरी घेऊन बिंदू नोंदवावा, आणि तोच बिंदू वहीतही लिहावा, कारण बॅटरी संपते, फोन पडतो, पण वही घरी येते. नोंद साधारण अशी असावी: ‘बिंदू 14. नाल्याच्या डाव्या काठावर वाकडा धावडा, बुंध्याशी तीन दगड. इथून शीव नाल्याच्या मध्यधारेने वर. उजवीकडे शेजारगावचे रान. कंपार्टमेंटचा बुरूज पूर्वेला साधारण ऐंशी पावलांवर. फोटो 31 गावाकडे तोंड करून, 32 बाहेर तोंड करून.’ नाला हीच शीव असेल तर कोणता काठ की मध्यधारा, हे लिहिलेच पाहिजे. ओढा पावसाळ्यात पात्र बदलतो आणि नुसते ‘नाल्याने’ असे लिहिले की वीस वर्षांनी भांडण उभे राहते. वन खात्याचे बुरूज आपल्या शिवेवर नसले तरी वाटेत दिसेल तो प्रत्येक बुरूज क्रमांकासह नोंदवावा, कारण गावची बोली आणि खात्याची बोली यांचा दुवा तोच आहे.

यंत्राची चूक किती असते, तेही समजून घ्यावे. मोकळ्यावर तीन ते पाच मीटर आणि दाट झाडीत त्याहून जास्त. शेकडो हेक्टरांच्या सामूहिक दाव्यात हा फरक नगण्य आहे, पण वैयक्तिक दाव्यात तो बोचतो. 200 मीटर बाजू असलेला चौरस म्हणजे 4 हेक्टर. त्याच्या चारही कडा पाच-पाच मीटर बाहेर सरकल्या तर क्षेत्र सुमारे 0.4 हेक्टरने, म्हणजे जवळजवळ एक एकराने वाढते. म्हणून लहान तुकड्यांना जीपीएसच्या जोडीने टेपने धुरे मोजावेत आणि दोन्ही आकडे लिहावेत. चढावर जमिनीलगत धरलेली टेप नकाशावरच्या अंतरापेक्षा जास्त भरते, त्यामुळे ती आडवी, सपाट धरावी.

नकाशा तयार करताना

क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि या कामाला पुरते. आपल्या भागातली एक गंमत मात्र सगळ्यांना माहीत असायला हवी. 78 अंश पूर्व रेखांश माहूर आणि किनवट यांच्या मधून जातो. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून नकाशा करण्याची पद्धत; तिच्यात त्याच रेषेवर 43 वा पट्टा संपून 44 वा सुरू होतो. माहूर 43 मध्ये येते आणि किनवट 44 मध्ये. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या वर्गवारीतही 56 ई आणि 56 आय ही शीटे इथेच एकमेकांना भिडतात. सुरुवातीला माहूरकडच्या एका गावाचे बिंदू मी निष्काळजीपणे 44 व्या पट्ट्यात टाकले, आणि संध्याकाळी पडद्यावर ते गाव ओडिशात, सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, निवांत पसरलेले दिसले. इतकी मोठी चूक लगेच कळते हे नशीबच म्हणायचे. जुनी टोपोशीटे (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) एव्हरेस्ट आधारावर आणि जीपीएस डब्ल्यूजीएस 84 आधारावर चालते (आधार म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार), त्यातून येणारी चूक लहान असते आणि ती लपून राहते. शीव ओढ्याऐवजी शेजारच्या टेकडीवर चढलेली दिसली तर आधी हा आधार तपासावा. बिंदू नेहमी अक्षांश-रेखांशांत, दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत जपून ठेवावेत, आणि क्षेत्र काढण्यासाठी संपूर्ण गावाला एकच पट्टा धरावा.

तयार नकाशावर उत्तर दिशा, प्रमाण, वापरलेला आधार, बिंदूंचे क्रमांक, कंपार्टमेंट नंबर, शेजारच्या गावांची नावे आणि सामाईक तुकडे असावेत. सोबत चतुःसीमेचे वर्णन शब्दांत, बिंदू 1 पासून फिरून बिंदू 1 पर्यंत, सलग लिहावे. उपग्रह चित्र जोडायला हरकत नाही. मात्र ते पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही, असे नियमांतच लिहिले आहे. ‘चित्रात वहिती दिसत नाही’ एवढ्याच कारणाने दावा फेटाळला गेला तर गावाने याच नियमावर बोट ठेवावे.

हे वर्णन ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि पोडावर कोलामीत किंवा गोंडीत सांगून घ्यावे. एका सभेत वाचन चालू असताना मागे बसलेल्या आजीने थांबवून सांगितले, की ‘त्या दगडापासून आम्ही सरळ जात नव्हतो, वळसा घालून जात होतो, मधे दफनभूमी आहे.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा चालून पाहिले आणि शीव चांगलीच पलीकडे निघाली.

सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी 2012 च्या दुरुस्तीने स्वतंत्र नमुना दिला आहे. सामूहिक हक्कांचा जुना नमुना भरून दिला तर वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मागायचाच राहून जातो. ठराव, नकाशा, चतुःसीमा, जबाब, फोटो आणि संयुक्त पंचनामा यांचे तीन संच करावेत, प्रत्येक पानावर समितीच्या सह्या घ्याव्यात आणि उपविभागीय समितीकडे एक संच देऊन पोच घ्यावी. पुढे जिल्हा समितीकडून मान्यतेचे पत्र हाती येईल त्या दिवशी, फोटो आणि हारतुरे होण्याआधी, त्याला जोडलेल्या नकाशावरचे कंपार्टमेंट नंबर आणि हेक्टर आपल्या प्रतीशी एकेक करून ताडून पाहावेत, आणि एखादा जरी कमी भरला तरी तिथेच लेखी हरकत द्यावी.