कोल्हापुरात पाळकपदाची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

प्रभूने आपल्याला पाळकीय सेवेसाठी पाचारण केले आहे असे ज्या तरुणाला किंवा तरुणीला वाटते, त्यांनी सेमिनरीचा, म्हणजे पाळकीय शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचा, प्रवेशअर्ज भरण्याआधी आपल्या मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) पाळकसाहेबांशी बोलावे. दीक्षा बिशप देतात हे खरे, परंतु तुमच्याविषयी पहिली साक्ष स्थानिक मंडळीने द्यायची असते आणि तिच्या शिफारशीवाचून पुढे जाणे कठीण असते. म्हणून शब्बाथ शाळेत मुलांना शिकवणे, घरोघरच्या प्रार्थनासभा घेणे, इस्पितळात पडलेल्या सभासदाला भेटायला जाणे ही कामे आधीपासून अंगवळणी पडलेली असावीत. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वचनांना स्वतः दुजोरा देण्याचा विधी) यांचे दाखलेही याच वेळी काढून ठेवावेत.

येथे मी प्रामुख्याने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या कोल्हापूर डायोसिसचा, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील चर्चविभागाचा, विचार करत आहे. स्वतंत्र मंडळ्यांचे नियम ज्याचे त्याचे आहेत आणि कॅथलिक धर्मगुरूंचा मार्ग सर्वस्वी निराळा आहे. रॉयल वायल्डर यांनी १८५२ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले मिशन पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. त्यांच्या चर्चचा कारभार निवडलेले वडील चालवतात, त्यामुळे वडीलमंडळींनी कारभारात लक्ष घालण्याची परंपरा इथे जुनी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया बनले, तेव्हा या परंपरेला बिशप, प्रेस्बिटर (पूर्ण दीक्षित पाळक) आणि डीकन (त्याआधीच्या पायरीचा सेवक) अशा तीन पदांच्या रचनेची जोड मिळाली. उमेदवाराने हे दोन्ही प्रवाह समजून घ्यावेत, कारण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पॅस्टोरेट कमिटीतील ज्येष्ठांशी त्याला आयुष्यभर काम करायचे असते.

मंडळीची शिफारस डायोसिसकडे गेल्यावर मुलाखत होते आणि निवड झाल्यास उमेदवाराला ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणासाठी पाठवले जाते. पश्चिम बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी संलग्न महाविद्यालयांतून मिळणारी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी त्यासाठी सर्वमान्य आहे. तिला साधारणपणे चार-पाच वर्षे लागतात. पुणे जवळ असल्याने आपल्याकडील अनेकांची पहिली पसंती तिकडे असते. शिक्षण इंग्रजीतून झाले तरी उपदेश मराठीत करायचा आहे हे ध्यानात ठेवून मराठी पवित्र शास्त्राचे वाचन आणि जुन्या गीतांचा अभ्यास सोडू नये.

पदवीनंतर लगेच दीक्षा मिळावी अशी अपेक्षा अनेक जण धरतात. मला ती योग्य वाटत नाही. कोणावरही घाईने हात ठेवू नयेत, म्हणजे घाईने दीक्षा देऊ नये, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला बजावले आहे आणि उमेदवारीचा काळ याचसाठी असतो. कोडोलीसारख्या गावात पाळकाच्या हाताखाली राहिल्यावर कळते की मयताच्या घरी काय बोलावे यापेक्षा किती वेळ गप्प बसावे हे शिकणे अवघड असते, आणि भाऊबंदकीत दोन घरे एकमेकांशी बोलत नसताना दोघांच्याही घरी चहा घेऊन कोणाचीच बाजू न घेणे त्याहूनही अवघड असते. विवाहित उमेदवाराने बदल्या, तुटपुंजे मानधन आणि मिशन कंपाउंडातील राहणे यांविषयी जोडीदाराशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

प्रथम डीकन म्हणून दीक्षा होते. डीकन उपदेश करतो आणि उपासनेत साहाय्य करतो, परंतु प्रभूभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी चालवण्याचा अधिकार प्रेस्बिटर झाल्यावरच मिळतो. प्रेस्बिटरच्या दीक्षेत बिशपांसोबत उपस्थित प्रेस्बिटरही उमेदवाराच्या मस्तकावर हात ठेवतात. पवित्र शास्त्रावरील विश्वास आणि चर्चच्या शिस्तीचे पालन यांविषयीचे प्रश्न सर्वांसमोर विचारले जातात, म्हणून विधीचा मजकूर आदल्या आठवड्यातच शांतपणे वाचून ठेवावा.

विवाह लावण्याचा अधिकार मात्र १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरतो. बिशपांकडून दीक्षा मिळालेल्यांना तो कायद्यानेच मिळतो, तर इतर बहुतेक मंडळ्यांच्या पाळकांना सरकारी परवाना घ्यावा लागतो. विवाह सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच लावायचा असतो. नोंदवही कशी भरायची आणि नोंदीची प्रत पुढे कोणाकडे पाठवायची, हे पहिला विवाह लावण्यापूर्वी वरिष्ठ पाळकांकडून शिकून घ्यावे.